अकरा रेघा

साहेबांनी कागद ढगबाईंकडे सरकवला आणि वर पेनाचं टोपणही काढून दिलं. सही करणाऱ्याची एवढी सरबराई साहेब एरवी करत नसत. चहा मागवायचा, तो थंडगार होईपर्यंत आपणच बोलत राहायचं आणि मग समोरच्याला तसाच प्यायला लावायचा, ही त्यांची नेहमीची रीत.

“फार काही नाही, बाई,” ते म्हणाले. “चौकशी समितीला चार ओळी हव्या आहेत. वरच्या शाळेनं कळवलेला आकडा एकवीस पूर्णांक आठ मिलिमीटर. आपल्या रडारचा अंदाज वीस. दोन्हींचा मेळ बसतो. एवढ्या पावसावर इशारा द्यायचं कारण नव्हतं. खाली तुमची सही आणि सोबत शाळेची मूळ वही. वही आज घेऊन या, म्हणजे विषय मिटला.”

“वही आणते,” ढगबाई म्हणाल्या. “सही आल्यावर करते.”

“आत्ता केलीत तरी चालेल.”

“आल्यावर करते.”

साहेबांनी टोपण परत लावलं. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली.

ढगबाई हे नाव शाळकरी पोरांनी ठेवलेलं. गेली वीस वर्षं ही बाई हवामान कार्यालयातलं संशोधन सांभाळून डोंगरातल्या शाळा पालथ्या घालत होती. ढगांची चित्रं, फुगे, बाटलीत धुकं करून दाखवायचं सामान असा सगळा संसार गाडीच्या डिकीत. छत्तीस शाळांच्या अंगणात त्यांनी पर्जन्यमापक बसवले होते आणि पोरांकडून नियम घोकून घेतले होते. दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही. मापकातलं पाणी नळीनं मोजताना दर नळीमागे भिंतीवर खडूची एक रेघ मारायची, म्हणजे मोजणी चुकत नाही. वहीत खोडरबर लावायचा नाही. चुकलं तर आकड्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, कारण लिहायचं आणि सही करायची. पोरं हे सगळं पाढ्यासारखं धडाधड म्हणून दाखवायची, आणि ढगबाईंना त्यात भारी कौतुक वाटायचं.

हा खटाटोप नुसत्या हौसेचा नव्हता. कार्यालयाचं रडार शहराबाहेरच्या टेकडीवर होतं आणि त्याच्या वाटेत डोंगराचा कडा आडवा येत होता. कड्यामागे ढग उभा राहिला की रडारला त्याचं नुसतं डोकं दिसायचं. पोटात काय चाललंय त्याचा पत्ता नाही. ढगबाईंनी डॉक्टरेट मिळवली ती याच विषयावर. कड्यामागच्या पावसाबाबत रडारवर विसंबू नका, हे पटवायला त्यांनी साडेतीनशे पानं लिहिली होती. म्हणून तर शाळांचे मापक. आणि एवढं सगळं करून ऐन वेळी ही बाई विसंबली कशावर, तर रडारवर.

त्याला कारण होतं, आणि ते इतकं क्षुल्लक होतं की स्वतःशी कबूल करायचीही त्यांना लाज वाटे. आदल्या वर्षी एका शाळेतल्या द्वाड पोरानं कोरड्या ठणठणीत दिवशी मापकात बादली उपडी केली होती. एकशे चाळीस मिलिमीटर! तो आकडा थेट विभागीय बैठकीतल्या पडद्यावर झळकला. “बाई, तुमच्या शाळांमध्ये पाऊस नळाला येतो वाटतं,” साहेब म्हणाले आणि चाळीस माणसं खो खो हसली. ढगबाईही हसल्या. काय करतील? पण घरी जाईपर्यंत त्यांचे कान गरम होते. पुन्हा कुणाला अशी संधी द्यायची नाही, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

बावीस दिवसांपूर्वी, बाराला दहा मिनिटं कमी असताना, वरच्या शाळेतून फोन आला. मास्तर गळक्या वर्गातून लहान मुलांना दुसरीकडे हलवत होते, म्हणून फोनवर मुंगी होती. सातवीतली पोर, अंगानं एवढीशी, पण दोन वर्षांत सकाळी साडेआठची नोंद तिनं एकदाही चुकवली नव्हती. मुंगी हे नाव ढगबाईंनीच ठेवलेलं.

“बाई, साडेआठपासून आत्तापर्यंत दोनशे अठरा.”

“किती?”

“दोन, एक, आठ.”

ढगबाईंनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. कड्यामागे फिकट हिरवा डाग होता. वीस, फार तर बावीस. शेजारच्या टेबलावरच्या तरुण सहकाऱ्यानं मान वर केली आणि तो गालातल्या गालात हसला. निदान ढगबाईंना तसं वाटलं.

“बाळ, साडेतीन तासांत एवढा पाऊस होत नसतो. मापकात कुणी पाणी ओतलं का?”

“नाही बाई. मी इथंच होते.”

“मग छपराची पागोळी पडत असेल त्यात.”

“छप्पर लांब आहे, बाई. जागा तुम्हीच दाखवली होती.”

“मग दशांश चिन्ह विसरलीस. एकवीस पूर्णांक आठ असणार. माझ्या रडारवर वीस दिसतोय. बघ, कसं छान जुळतंय!”

पलीकडून पावसाचा आवाज येत होता, पत्र्यावर खडीचा ट्रक रिकामा करावा तसा. तो आवाज एकवीस मिलिमीटरचा नव्हता, हे पहिलीतल्या पोरानंही सांगितलं असतं. पण ढगबाईंचं लक्ष पडद्यावर होतं, आणि शेजारी हसणाऱ्याकडे.

“बाई, पण मी नळी...”

“वहीत ठिपका दे. दिलास का?”

जरा वेळ नुसता पाऊसच ऐकू आला.

“दिला.”

“शाबास.”

“बाई, मग दादा खाली कामावर गेला तर चालेल ना? आई बाहेर थांबलीय, तिला सांगायचंय.”

“हो हो, जाऊ दे,” ढगबाई म्हणाल्या. त्या तेव्हा एका हातानं संगणकात आकडा भरत होत्या.

आकडा शंभरच्या वर गेला की कार्यालयानं खालच्या वस्तीला फोन करायचा आणि तिथल्या लोकांनी भोंगा वाजवायचा, असं ठरलेलं होतं. फोन गेला नाही. भोंगा वाजला नाही. अडीच वाजता नदी ती वळणावरची वस्ती घेऊन गेली. एकोणीस माणसं गेली, आणि ती एकेक करून आठ दिवस सापडत राहिली. मुंगीचा दादा तिथल्याच लाकडाच्या वखारीत दुपारपाळीला होता. तो सहाव्या दिवशी सापडला.

तोवर कार्यालयाचं निवेदन छापून आलं होतं. ‘शाळेकडून मिळालेली नोंद सदोष होती.’ वाक्य साहेबांचं. पण छापायला जाण्याआधी तो कागद ढगबाईंच्या टेबलावर चांगला तासभर पडला होता, आणि त्या मूग गिळून बसल्या होत्या. फोनवरचं पूर्ण बोलणं दोघींनाच ठाऊक. त्यातली एक बारा वर्षांची.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बिचारा भाजी चिरत होता, तशीच सुरी खाली ठेवून बसला.

“तू मुद्दाम केलंस का?” त्यानं विचारलं. “नाही ना? मग गप्प राहा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. बोलून कुणी परत येणार आहे का?”

त्यानं ते मायेनंच म्हटलं. ढगबाईंना ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रात्रभर स्वतःची किळस आली. तरी पुढचे एकवीस दिवस त्या गप्पच राहिल्या. माणसाला गप्प बसायची सवय फार लवकर लागते.

गाडी त्या स्वतःच चालवत गेल्या. वरच्या शाळेला जाणारा रस्ता खालच्या वस्तीतूनच होता. ज्या भिंती उभ्या होत्या त्यांवर दारांच्याही वर चिखलाची सरळ रेष होती. छप्पर उडालेल्या एका घरात पंखा तसाच लोंबत होता आणि त्याच्या पात्यांना वाळलेलं गवत गुंडाळलेलं होतं. वखारीचे ओंडके नदीनं पार शेतापर्यंत नेऊन टाकले होते. दोन माणसं त्यातला एक ओंडका दोरानं ओढत होती. गाडीवरचं कार्यालयाचं नाव वाचून ती थांबली आणि गाडी वळेपर्यंत तशीच बघत राहिली. ढगबाईंनी काच वर केली.

शाळेत मास्तर दारातच उभे होते. वही त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तयारच ठेवली होती.

“चूक आमचीच, बाई,” ते हात चोळत म्हणाले. “पोरगी हुशार आहे, पण शेवटी पोरच. आता नोंद मीच घेतो. वर तसं कळवा म्हणजे झालं. शाळा बंद नाही ना हो करणार?”

ढगबाईंनी वही उघडली. ते पान सापडायला वेळ लागला नाही. २१.८. आकडे मुंगीच्या नेहमीच्या गोल अक्षरातले. ठिपका मात्र एवढा दाबून दिला होता की तो मागच्या पानावरही उमटला होता.

“मुंगी कुठं आहे?”

“असेल मागं. तिला हल्ली वर्गात बसवतच नाही मी. पोरं तिच्या बाकावर बसत नाहीत. आणि आई...” मास्तरांनी आवाज खाली आणला. “आई आपल्याच शाळेत झाडलोट करते ना. त्या दिवसापासून लेकीशी एक शब्द बोललेली नाही. एका घरात राहतात. ताट वाढते, पुढं सरकवते, उठून जाते. मुंगीनंच तिला सांगितलं होतं ना, की पाऊस थोडाच आहे, दादाला जाऊ दे. थोरला मुलगा गेला, बाई. माणूस कुणावर तरी राग काढणारच.”

‘हो हो, जाऊ दे.’ हे शब्द त्या साफ विसरून गेल्या होत्या. ठिपका आठवत होता, रडार आठवत होतं, सहकाऱ्याचं हसू तर पाठ होतं. पण पोरीनं दादाबद्दल विचारलं होतं, आणि आपण न ऐकताच उत्तर दिलं होतं, हे बावीस दिवसांत त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मुंगी मागच्या अंगणात मापकाभोवतीचं गवत उपटत बसली होती. ते काम तिला आता कुणी सांगितलेलं नव्हतं. ढगबाईंना बघून ती उठली आणि हात फ्रॉकला पुसले.

“वही न्यायला आलात, बाई?”

“हो.”

“मग आधी इकडे या.”

ती त्यांना व्हरांड्यात घेऊन गेली. खिडकीखाली, पाऊस पोचत नाही अशा कोपऱ्यात, भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. ढगबाई गुडघ्यांवर बसल्या आणि बोटानं मोजू लागल्या. दहा रेघा सारख्या उंचीच्या. अकरावी जराशी आखूड.

“वीसच्या दहा नळ्या,” मुंगी म्हणाली. “शेवटची अठराची, म्हणून छोटी. रेघा रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या असतात. ह्या मी पुसल्या नाहीत.”

“कुणाला दाखवल्यास?”

“नाही.”

“का गं? सगळे तुला बोलत होते, आई बोलायची बंद झाली, तरी?”

“मला वाटलं तुम्ही सांगाल.”

ती हे रागानं म्हणाली असती तर ढगबाईंना सोसलं असतं. पण तिनं ते, शाळा किती वाजता सुटते हे सांगावं तसं सांगितलं. पहिल्या दिवशी वाटलं, बाई सांगतील. दुसऱ्या दिवशी वाटलं. मग निवेदन छापून आलं, मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं, तेव्हाही ही पोर वाट बघतच असेल. ढगबाईंना तिथंच भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं पोरांपुढे विज्ञान विज्ञान करत मिरवलो, आणि खरं बोलायची पाळी आली तेव्हा ते एका पोरीच्या खडूवर सोडून आपण घरी बसलो.

फोन वाजला. साहेब.

“मिळाली का वही?”

“मिळाली.”

“एकवीस पूर्णांक आठच आहे ना?”

“आहे. आता दुरुस्त करते.”

“काय करता? बाई, हे बघा, तुम्ही आधी इकडे...”

ढगबाईंनी फोन बंद केला आणि वही व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली. २१.८ वर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, २१८. खाली सही केली, तारीख घातली. सही दुसऱ्याच कुणाची वाटावी अशी झाली.

मुंगी शेजारून बघत होती. “बाई, कारण लिहायचं राहिलं,” ती हळूच म्हणाली.

ढगबाईंनी कारण लिहिलं. ‘विद्यार्थिनीची मोजणी बरोबर होती. ठिपका मी फोनवरून द्यायला लावला.’ शब्द मोजके होते, पण लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

तेवढ्यात झाडूचा आवाज जवळ आला. मुंगीची आई व्हरांडा झाडत कोपऱ्यावरून वळली आणि दोघींना बघून थांबली. तिनं ढगबाईंना ओळखलं. पूर्वी ती त्यांना दुरूनच हसून पाणी आणून द्यायची. आज तिनं मान वळवली आणि लेकीला वगळून पलीकडची फरशी झाडू लागली.

“थांबा जरा,” ढगबाई म्हणाल्या.

भरल्या सभागृहात त्या दोन दोन तास न अडखळता बोलत. ढग कसा उभा राहतो, हवा का चढते, समुद्र तापला की काय होतं, सगळं तोंडपाठ. इथं चारदोन वाक्यं बोलायची होती.

“तुमच्या मुलीनं बरोबर मोजलं होतं,” अखेर त्या म्हणाल्या. “दोनशे अठरा. तिनं मला तसंच सांगितलं. मी तिला दटावून आकडा बदलायला लावला. दादानं जावं का, असंही तिनं मला विचारलं होतं. जाऊ दे, असं मी म्हणाले. तिचं काहीही चुकलेलं नाही. चुकले मी.”

आईनं झाडू खाली ठेवला. ती शिव्या देईल, अंगावर येईल, असं ढगबाईंना वाटलं. यावी असंच वाटत होतं. पण ती जागची हलली नाही.

“म्हणजे हिनं बरोबर मोजलं होतं?”

“हो.”

“आणि जाऊ दे, हे तुम्ही म्हणालात?”

“हो.”

“हे तुम्हाला कधी कळलं? आज?”

ढगबाईंना खोटं बोलता आलं असतं. भिंतीवरच्या रेघा आजच बघितल्या, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं.

“त्याच दिवशी,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी. बातमी आली तेव्हाच.”

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते केव्हाच आटून गेलं असावं.

“बावीस दिवस झाले, बाई,” ती म्हणाली. “तो तर गेलाच होता. पण ही होती ना माझ्याजवळ.”

आत कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते, आणि मास्तर मधूनच कुणावर तरी खेकसत होते.

आई मुंगीपाशी गेली. तिच्या केसांत अडकलेली गवताची काडी तिनं काढली, मग ती काडी हातात तशीच धरून उभी राहिली. इतक्या दिवसांनी सुरुवात करायची तर कुठून?

“जेवलीस का गं?” तिनं विचारलं.

मुंगी तोंड उघडून बोलणार, तोच थांबली. तिनं आधी मान वळवून ढगबाईंकडे पाहिलं. उत्तर बरोबर आहे का, हे विचारून घ्यावं तसं.

ढगबाईंनी मान खाली घातली. पाढे संपेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

“नाही,” मुंगी म्हणाली.